शून्याचं टोक

तिसऱ्या गेटापाशी, सायबर सेंटरात, तासाला तीस रुपये.
बाहेर मालगाडी अडली आहे, आत मी.
पडद्यावर चार रिकाम्या चौकटी:
पसंतीक्रम भरा.
शनिवार शेवटचा.

माझा बाप, मोनाप्पा धामणेकर,
सव्वीस वर्षं टेपचं शून्याचं टोक धरतो.
दुसऱ्या टोकाची माणसं बदलत गेली.
सर्व्हेयर, एजंट, कुणाचा तरी जावई,
एकदा तर पांढरे बूट घातलेला माझ्याएवढा पोरगा.
आकडा तिकडच्या टोकाला वाचतात.
"घट्ट धर गा, मोनाप्पा."
तो धरतो,
वाकून, हद्दीच्या दगडावर अंगठा दाबून.

मी म्हटलं, मला लेआउट काढायचेत. स्वतःचे.
आई म्हणाली, त्याला शाळा लागतंय होय?
गल्लीतला मलगौडा सायकलवर आलेला,
आता दारात चार गाड्या,
सही अजून वळत नाही त्याची.

मग सल्ले.
विरुपाक्ष एजंट: वकिली कर बाई,
भिंत कोणबी उभी करतंय,
टायटल धुऊन देणारं माणूस मिळत नाही.
पुण्याचा आतेभाऊ: एमबीए, रिअल इस्टेट,
दोन वर्षं, चौदा लाख.
(आमच्या घरी लाख हा शब्द
दुसऱ्याच्या जमिनीबरोबर येतो,
चहा पितो, जातो.)
फर्नांडिस मिस म्हणाल्या सिव्हिल,
कारण सगळे सिव्हिल घेतात.

आणि उतारा तर कन्नडात.
मी मराठी शाळेची, कन्नड पास होण्यापुरतं.
आपण म्हणतो बिगरशेती, कागद म्हणतो कृषियेतर,
प्लॉट दोन्हीकडं तीस बाय चाळीस.
हे कुठल्याच कोर्सच्या माहितीपत्रकात नाही.
ते मला आधी शिकावं लागणार, रात्रीचं,
शेजारच्या सावक्काकडून, तिच्या पोराच्या पाटीवर.

बारा वर्षांची होते.
नाल्याकाठचा लेआउट,
भाताच्या खाचरांत मुरूम टाकून केलेला.
त्याची फक्की बापानंच मारलेली,
उरलेली घरी आणली,
आईनं दिवाळीच्या रांगोळीत मिसळली.
ऑगस्टात तिथली माणसं गच्चीवर झोपली.
पाणी ओसरल्यावर मापं हवी होती, बापाला बोलावलं,
मी मागनं गेले.
त्या दिवशी टेप पहिल्यांदा उभी धरली.
शून्य खाली, चिखलात, त्याच्या अंगठ्याखाली.
भिंतीवरल्या गढूळ रेघेपर्यंत मी ओढली
आणि आकडा मी वाचला:
चार फूट दोन इंच.
घरातली बाई म्हणाली, स्वयंपाकघर आग्नेयेला घेतलेलं आम्ही.
सगळं विचारून.
तिनं ते दोनदा सांगितलं.

नकाशा नंतर बघितला, साहेबाच्या टेबलावर.
नाला होता त्यात. कुणी लपवला नव्हता.
निळी रेघ, केसाएवढी,
तिच्यावर चहाच्या कपाचा गोल.

तर पहिल्या चौकटीत मी लिहिते: नगररचना, पदवी, चार वर्षं.
म्हैसूर. एक रात्र रेल्वेत.
दुसऱ्या चौकटीत सिव्हिल, भीती म्हणून.
तिसरी वकिली, विरुपाक्षचं तोंड आठवून.
चौथी रिकामी ठेवता येत नाही म्हणतोय संगणक,
तिथं पुन्हा सिव्हिल, दुसऱ्या गावचं.

बाप बाहेर स्कूटीवर बसलाय, गेटकडं तोंड करून.
"भरलीस?"
"भरली."
"पहिलं काय?"
"प्लॅनिंग."
"म्हणजे बांधायचं काय?"
"आधी कुठं बांधायचं नाही, ते."
तो गप्प. खिशातून किल्ली काढतो, परत ठेवतो.
"आणि त्याला पैसे देतंय कोण?"

मालगाडी हलली, डबा डबा मोजत.
गेट वर गेलं तरी
मला उत्तर सुचलं नव्हतं.